पूजलेली चौकट

सुताराच्या हातून चौकट तिरपी बसली तर ती ठोकून सरळ करता येते. माझ्या हातून चौकट ओळंब्यात बसली, सुताएवढा फरक नाही, आणि तरी सगळं वाटोळं झालं. अजून आठवलं की डोकं फिरतं, आणि सगळ्यात जास्त माझ्यावरच फिरतं.

महापालिका झाली आणि आमचं गाव नाशकात गेलं. पाठोपाठ इमारती बांधणारे शेठ आले. गावठाणातली पंधरा-वीस घरं पाडायची आणि तिथं तीन मजली इमारत बांधायची, पण दिसायला जुन्या वाड्यासारखी, असा त्यांचा बेत. मारुतीच्या पारावर त्यांनी रंगीत चित्र पसरलं. लाकडी खांब, सज्जे, दिंडी दरवाजा. नाव 'देवडी अपार्टमेंट'. म्हणजे खरी जुनी घरं पाडायची आणि त्याच जागी जुनी दिसणारी नवी उभी करायची! मला तेव्हाच हसू यायला हवं होतं. पण सगळं लाकूडकाम शेठ मला देणार होते, त्यामुळं मला ते चित्र फार आवडलं.

सगळे तयार झाले, एकट्या यशोदाकाकी सोडून. काकी आमच्या पलीकडच्या आळीतल्या. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक निवृत्ती सातपूरला कारखान्यात. त्यांचं घर ऐन मध्यावर, म्हणून त्यांच्या अंगठ्यावाचून सगळं अडलेलं. घराचं त्यांना फारसं काही नव्हतं. जीव अडकला होता तो दाराच्या चौकटीत. सागवानी, वर गणपती कोरलेली, माझ्याच आज्यानं घडवलेली. उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला होता.

"गोटीराम, या उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी या घरात आले," काकी म्हणाल्या. "निवृत्तीची बायकोबी याच उंबऱ्यावरून आत यायला पायजे. मला बाकी काय नको."

"काकी, तुमची चौकट तुमच्याच दाराला बसंल," मी म्हणालो. "मी सोता बसवतो. जबान देतो."

शेठनीही मान डोलावली. मान डोलवायला कुणाच्या बापाचं काय जातं? काकींनी माझ्या शब्दावर अंगठा दिला.

घर पाडायच्या दिवशी काकींनी चौकटीपुढं हात जोडले. "नव्या घरी नेते, राग धरू नको," असं तिला म्हणाल्या आणि मगच मला पहार लावू दिली. मी ती चौकट गोणपाटात गुंडाळून दीड वर्ष माझ्या पडवीत जपली.

इमारतीचा सांगाडा उभा झाला आणि शहाऐंशीच्या दसऱ्याला चौकटीचा मुहूर्त निघाला. रंगनाथ नावाचा साइटवरचा इंजिनियर होता, डिप्लोमा झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा. त्यानं तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला खडूनं रेघ मारली आणि म्हणाला, "इथे उभी करा."

आमच्यात चौकट आधी उभी राहते. टेकू द्यायचे, पूजा करायची, मग गवंडी दोन्ही बाजूंनी भिंत चढवत नेतो. मी चौकट उभी केली. काकींनी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हळकुंड-सुपारीची पिवळी पुरचुंडी वर बांधली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मीही छाती फुगवून उभा होतो. नकाशा रंगनाथच्या काखेत होता. तो उलगडून दाखव, असं म्हणायचं मला सुचलं नाही. चौकट आहे म्हणजे दार आहे. यात विचारायचं काय, असं मला वाटलं!

दुसऱ्या दिवशी मी लाकूड बघायला हरसूलला गेलो. आठ दिवसांनी परत येऊन बघतो तर चौकटीच्या दोन्ही बाजूंना भिंत आणि मधल्या रिकाम्या जागेतही भिंत. वर प्लास्टर, त्यावर दाराच्या फळ्यांचा रंग मारलेला, आणि खोट्या कड्या ठोकलेल्या.

"रंगनाथसाहेब, दार कुठंय?" मी विचारलं.

"कसलं दार? हे एलिव्हेशन आहे," तो म्हणाला. "रस्त्यावरून जुना वाडा दिसला पाहिजे. मागे विजेच्या मीटरची खोली आहे."

"आणि काकींचं घर?"

"वर, दुसऱ्या मजल्यावर. खाली दुकानं निघाली. आणि ही चौकट सव्वापाच फूट उंच. फ्लॅटचं दार सात फुटाचं असतं. आतमध्ये गोदरेजचं कपाट कसं नेणार हो तुम्ही?"

मी त्याला नको नको ते बोललो. मग शेठकडं गेलो. शेठ शांतपणे म्हणाले, "काढ ना चौकट. मी अडवत नाही. फक्त आधी बाईंना विचार."

तेव्हा मला वाटलं, माणूस वाईट नाही. काकींना विचारल्यावर कळलं तो किती पोचलेला होता.

"येडा झाला का रं?" काकी म्हणाल्या. "एकदा हलवली, तर नव्या घरी नेते म्हणून तिला सांगून हलवली. आता हितं तिची पूजा झाली. पूजलेली चौकट परत उखडायची म्हंजी पोराचं घर बसायच्या आधी मोडायचं. मी नाय हात लावू देणार."

"आवो, पण तिच्यामागं भिंत हाय!"

"पूजेच्या टायमाला तू हुता ना तिथं?"

मीच टेकू दिले होते, मीच नारळ पुढं केला होता. वर राहायला आल्यावर काकी रोज सकाळी दोन मजले उतरून त्या उंबऱ्यावर पाणी शिंपडायच्या, रांगोळी काढायच्या. फ्लॅट बघायला येणारी मंडळी फोटो काढायची. शेठ त्यांना सांगायचे, "आपल्याकडे परंपरा अशी जपलेली आहे." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या इमारतीतलं उरलेलं काम मी दात-ओठ खात पुरं केलं.

वैशाखात निवृत्तीचं लग्न झालं. मुलगी सटाण्याची, सिंधू नावाची. दुपारी वऱ्हाडाचा टेम्पो देवडीपुढं थांबला. काकी तांदळानं भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवून चौकटीशी उभ्या होत्या.

निवृत्ती रडकुंडीला आला. "आई, लोक बघतात. वर चल ना. तिथं ठेव माप."

"कशावर ठेवू? तुझ्या फ्लॅटला उंबरा तरी हाय का?" काकी म्हणाल्या.

ते खरंच होतं. दाराखालून सरळ सपाट लादी गेली होती. मीच ती दारं बसवली होती.

नवरीची पाठराखीण पुढं झाली आणि थबकली. "आठे ते भिंत शे वो माय!" ती सटाण्याच्या बोलीत म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं. सिंधूनं पदराआडून एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा सासूकडं. पण पोरगी शहाणी. तिनं उजवा पाय उचलला आणि मापाला लावला.

माप कलंडून पुढं गेलं, भिंतीवर आपटलं आणि गडगडत मागं आलं. सगळे तांदूळ तिच्याच पायाशी सांडले. आत एक दाणासुद्धा गेला नाही. जायला आत काही नव्हतंच.

काकींचा चेहरा पांढरा पडला. इतके महिने रोज त्या भिंतीपुढं रांगोळी काढणाऱ्या बाईला ती भिंत जणू त्या क्षणी दिसली.

"आत्याबाई," सिंधूनं हळूच विचारलं, "मी आत कुठून येऊ?"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या वऱ्हाडानं माझ्याकडं पाहिलं.

"जिना डावीकडं हाय," मी म्हणालो.