मिनिटं दोन्हीकडून कापतात

साठ

मोबाइलच्या वीस डॉलरच्या कार्डावर बोलायला साठ मिनिटं, मुदत नव्वद दिवस. शेजारी दोनशे मिनिटांचं कार्ड. माझी पंधरा वर्षांची शेल्बी दोनशेकडे बघत होती, मी शेल्बीकडे. ओहायो, सप्टेंबर २००७.

"मिनिटं दोन्हीकडून कापतात हं," काउंटरवरची बाई म्हणाली. "केला तरी, आला तरी. दहा सेकंद बोललात तरी अख्खं मिनिट."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "मैत्रिणींना सांगून ठेव, उगाच फोन करायचे नाहीत. हा अडीअडचणीसाठी आहे."

"अडचण आली की आधी तुझी परवानगी काढू का?"

"शहाणपणा पुरे."

साठचंच घेतलं. आमच्या घरातला पहिला मोबाइल.

अठ्ठावन्न, छप्पन्न, एकावन्न

मी वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामाला. तिथं भिंतीवर फोन आहे.

"पोचलीस?"

"हो, आई."

"मागे कोण हसतंय?"

"टीव्ही."

"जेवलीस?"

"आई, आत्ता दहा वाजलेत."

शून्य

ऑक्टोबरातला शनिवार, भर दुपार. शेल्बी सुट्टीच्या दिवशी भोपळ्यांच्या मळ्यावर काम करायची. तिला घरी सोडणारा पोरगा बिअर पिऊन आला होता आणि गाडी वेडीवाकडी हाणत होता. तिनं ती थांबवायला लावली आणि उतरली. दोन्ही बाजूंना मका, मध्ये रस्ता. मला फोन लावला, तर मिनिटं संपलेली.

सहा मैल चालत आली. टाचा सोललेल्या.

मी दारातच: "फोन कशाला दिलाय तुला?"

"मिनिटं संपली होती."

"संपणारच! दिवसभर चकाट्या पिटायच्या म्हटल्यावर!"

ती बूट काढत राहिली. मी दोन आठवड्यांसाठी फोन काढून घेतला.

नाही, असं नको. नीट सांगते: पोरगी दारुड्याच्या गाडीतून शहाणपणानं उतरली, सहा मैल चालली, आणि मी तिला शिक्षा केली.

दहा

फोनमध्ये आलेले शेवटचे दहा कॉल राहतात. चकाट्या कुणाशी, ते शोधायला रविवारी मी तो उघडला.

आई. आई. आई. आई. आई. आई. आई. आई. आई.

दहावाही आईच.

सगळ्यात वरचा शनिवारचा, सकाळी अकरा सोळाचा. स्वेटर घातलास का, हे विचारायला केलेला. तेच शेवटचं मिनिट.

दोनशे

सोमवारी दोनशेचं कार्ड आणलं. रात्रीच्या जेवणाला तिच्या ताटाशेजारी फोन ठेवला, त्यावर कार्ड.

"सगळी मिनिटं मीच संपवली," मी म्हटलं. "माझं चुकलं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून." ती मॅकरोनी खात होती.

"मग बोलायचं नाही का मला? निदान फोन तरी उचलायचा नाही!"

"उचलला नसता तर तू घाबरली असतीस. काम टाकून धावत आली असतीस."

चेष्टा करत असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

त्या शनिवारी तीन वाजता मी कामावरून दोनदा फोन लावला होता. लागला नाही. कार्टीनं मुद्दाम बंद करून ठेवलाय, असं पुटपुटले आणि चादरींच्या घड्या घालत राहिले.