परत आणलेली लाली

बसा सरलावहिनी. कालचा एक किस्सा सांगतो. मधे उठू नका, शेवटी काम तुमच्याशीच आहे.

तुमच्या दतिया गेटच्या गल्लीतला ऋतुराज, कुसुमावतीबाईंचा मुलगा, काल दुपारी दुकानात आला. दुपारचं मानिक चौकात गिऱ्हाईक नसतं, मी बांगड्यांचे डबे पुसत होतो. त्यानं काउंटरवर पिशवी ठेवली.

"काका, ये सामान वापस घ्या."

बघतो तर ओठांची लाली, काजळ, पावडर, नेलपॉलिश. सगळं सीलबंद, मीच विकलेलं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्याची बायको मुग्धा घेऊन गेली होती. मनगटावर लाली लावून मला विचारत होती, "काका, फार भडक तर नाही ना?" आणि बाहेर हा स्कूटरचा हॉर्न वाजवत होता.

म्हटलं, "भैया, दोन दिवाळ्या झाल्या. आता कंपनी घेते होय?"

"पैसे नको मला. बस, घरात नको हे."

"मुग्धाला विचारलंस?"

"ती माहेरी गेली. नाशिकला."

"मग राहू दे की. आल्यावर लावेल."

त्यानं पिशवी आणखी माझ्याकडे सरकवली. मी आपली गंमत केली, "बांगड्या नाही आणल्यास परत? त्या पण मीच भरल्या होत्या."

"त्या फुटल्या."

वहिनी, आपल्यात नांदत्या बाईच्या बांगड्या फुटतात का हो? पडून चुरा झाला तरी आपण 'वाढल्या' म्हणतो. तो दुसरा शब्द कधी निघतो, तुम्हाला ठाऊक आहे.

म्हटलं, "वाढल्या म्हण बेटा."

"वही तो. एक ही बात है," म्हणाला आणि गेला.

इकडे हिंदी मुलखात वाढलेल्या या पोरांचं मराठी अर्धं हिंदीतच असतं, म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण पिशवी आवरताना तळाशी मुग्धाचा चष्मा निघाला. आरशासमोरचं सगळं हातानं लोटून भरलं असणार, त्यात आला. चष्मा नसला तर त्या पोरीला माझ्या दुकानाची पायरी दिसत नाही. ती नाशिकला कशी गेली?

मुग्धाला फोन लावला, बंद. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. कुसुमावतीबाईंनी दार बोटभर उघडलं.

"मुग्धा आहे का?"

"झोपलीय. कणकण आहे तिला. काय द्यायचं ते माझ्याकडे द्या."

मुलगा म्हणतो माहेरी, आई म्हणते झोपलीय. मी चष्मा दिला नाही. खिशात घालून परत आलो.

ठाण्यात तर मी जाणारच आहे. पण पोलीस दारात येईपर्यंत आत काय होईल, सांगता येत नाही. आमच्या जानकीला पाठवलं असतं, पण ती माझी बायको, कुसुमावतीबाई लगेच ओळखतील. तुमच्यावर शक घेणार नाही. तुम्ही सवाष्ण, त्याच गल्लीतल्या, आणि आज शुक्रवार. करंडा घ्या, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आले म्हणा. सुनेला कुंकू लावूनच बोलवायचं असतं, सासूकडे निरोप ठेवत नाहीत, एवढंच धरून बसा. झोपलीय म्हणाल्या तर उठेपर्यंत थांबते म्हणा. मी रिक्षा घेऊन कोपऱ्यावर आहे.

तिचं कपाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो उंबरठा सोडू नका, वहिनी.