एकशे चौदा नंबरची नोंद

दादा गेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आता अडतीसची आहे. मधली बावीस वर्षं आमच्या घरात दादाबद्दल दोनच माणसं बोलायची. बाबा स्टेजवर आणि आई स्वयंपाकघरात.

बाबांचं बोलणं शहरात निम्म्या लोकांना पाठ होतं. ते मुख्याध्यापक होते, आवाज कमावलेला. दादा लढाऊ विमान उडवायचा. इंजिन बंद पडलं तेव्हा खाली वस्ती होती. खुर्चीसकट बाहेर उडी घेतली असती तर तो वाचला असता. पण त्यानं विमान धरून ठेवलं आणि वस्तीपलीकडच्या माळावर नेऊन आपटलं. "माझ्या मुलाला निवड करायला काही सेकंद मिळाले," बाबा म्हणायचे, मग थांबायचे. कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. चौकाला दादाचं नाव मिळालं, त्यांच्याच शाळेच्या सभागृहाला मिळालं, आणि बाबांना खुर्ची मिळाली, प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत.

आई भांडी घासताना बोलायची. "परक्यांची पोरं दिसली त्याला. आई नाही दिसली." कधी नुसतंच, "निवड केली म्हणे." बाबांच्या टेबलावर दादाचा फोटो होता. आई खोली झाडताना तो पालथा घालायची आणि सरळ करायला विसरायची. बाबा निमूटपणे तो उभा करायचे. फार झालं की म्हणायचे, "वीराच्या आईनं असं बोलू नये." एवढंच. त्यापुढे कधी एक शब्द नाही.

दादाच्या विमानांचा अख्खा ताफा पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला. शहरात त्या विमानांचे वेडे होते, आठ-दहा जण. विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून त्यांची उमर गेली होती. शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी ही सगळी पुरुषमाणसं ओक्साबोक्शी रडली, असं पेपरात फोटोसकट आलं होतं. यंदा त्यांनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि दादाचा फोटो मागायला बाबांना फोन केला. बाबांना ताप होता. आई म्हणाली, "मी नेऊन देते."

मी बघतच राहिले. बावीस वर्षांत ती दादाच्या नावाच्या एकाही कार्यक्रमाला आपणहून गेली नव्हती. कोणी हाताला धरून नेलं, तर खाली मान घालून बसायची.

"तुला काय करायचंय तिथे?" मी विचारलं.

"ती माणसं विमानाबद्दल बोलतात ना? त्याच्याबद्दल नाही ना? मग मला चालेल."

रविवारी सकाळी मी तिला घेऊन गेले. त्यांची बैठक दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरायची, बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी पेशंट गाल धरून बसतात. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे, खालच्या दोन फळ्यांवर लाकडी विमानं. त्या विमानाला ते 'सुई' म्हणायचे, टोकदार नाकाडावरून. कोणाला तिचा आवाज आठवत होता, कोणाला उतरताना मागे उघडणारी छत्री. एकानं तोंडानं इंजिनाचा आवाज काढून दाखवला आणि बाकीच्यांनी त्याला, "हे दुसऱ्या मॉडेलचं झालं," म्हणून गप्प केलं. आई हसली. मला बरं वाटलं. उगाच बरं वाटलं.

डॉक्टर बारीक, नीटनेटके, सत्तरीला टेकलेले. ताफ्यातल्या एकूण एक विमानाची नोंद त्यांच्याकडे होती: कधी आलं, कोणी उडवलं, कुठे गेलं. त्यांनी फोटो घेतला, मागे पेन्सिलीनं लिहिलं, आणि म्हणाले, "हां, म्हणजे एकशे चौदा. काय विमान होतं हो! एकशे चौदा गेलं त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला होता."

"माझा मुलगा होता त्यात," आई म्हणाली.

"अर्थात, अर्थात. ते आहेच."

शेजारी गॅरेजवाले काका बसले होते. जाडजूड, बोटांना कायमचं काळं ग्रीस. त्यांनी डॉक्टरांकडे एकदा पाहिलं आणि आईसाठी चहा सांगायला उठले.

आई म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून. त्याला खरंच वेळ होता ना? बाहेर पडायला?"

"वेळ भरपूर होता."

"मग नाही पडला तो."

"नाही पडला?" डॉक्टर जरासे दुखावल्यासारखे झाले. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी आईकडे पाहिलं. "कोण म्हणालं? हँडल तीन वेळा ओढलंय त्यांनी."

"जाऊ द्या ना डॉक्टर," गॅरेजवाले काका दारातूनच म्हणाले.

"जाऊ द्या काय? नोंद ती नोंद. त्या गोष्टीनं इतकी वर्षं एकशे चौदाची नोंद बिघडवलीय." ते उठले, आतून फाईल आणली, आणि मध्ये एकही श्वास न घेता सांगू लागले. इंजिन बंद पडल्याबरोबर दादानं बाहेर पडायचा प्रयत्न केला. डोक्यावरची काच आधी उडावी लागते, तरच खुर्ची सुटते. काच अडकली. टॉवरशी बोलणं टेपवर होतं आणि ते शब्द न् शब्द कागदावर उतरवलेले होते. पहिल्यांदा हँडल ओढल्यापासून जमिनीपर्यंत एकोणीस सेकंद. वस्ती मागे राहिली ती वाऱ्यामुळे. "त्यांच्या हातात काही नव्हतंच. काचेच्या त्या कुलपात दोष होता. सुईमध्ये एवढी एकच खोट. मी त्यावर स्वतंत्र लेख लिहिलाय."

आई म्हणाली, "ह्यांना माहीत नसेल हे."

"तुमच्या यजमानांना? त्यांना टेप ऐकवलीय. ही बघा सही."

चौकशी अहवालातल्या कागदाची प्रत होती. 'ध्वनिफीत ऐकली.' खाली बाबांचं वळणदार अक्षर. अपघातानंतर बाराव्या दिवसाची तारीख.

आईनं विचारलं, "ह्याची एक प्रत मिळेल का मला?" डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "मोठ्या अक्षरात काढून देतो."

बाहेर आल्यावर ती बसथांब्याच्या बाकावर बसली. दोन बस गेल्या. मला वाटलं रडेल. तिनं माझा हात धरून बोटं मोजली, एक, दोन, तीन. "तीनदा," ती म्हणाली. "यायचं होतं गं त्याला." मग उठता उठता, "आणि मी काय काय बोलले त्याला."

"आई, तुला कुठे माहीत होतं?"

"मला नव्हतं," ती म्हणाली.

घरी बाबांनी पांघरुणातून विचारलं, "दिला का फोटो?" आई म्हणाली, "दिला. चांगली माणसं आहेत." आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरला होता.

पुढचे तीन आठवडे ती बाबांशी इतकी गोड वागली, की मला धडकी भरली. पुस्तकाच्या प्रकाशनाला बाबांचं भाषण ठेवलं होतं. तिनं त्यांचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, तुटलेलं बटण लावलं, त्यांच्याकडून भाषण वाचून घेतलं. "जोरात म्हणा ते सेकंदांचं," म्हणाली. बाबा हरखले होते. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बघ, बावीस वर्षांनी का होईना, तुझ्या आईला पटलं." मी तोंड उघडणार तेवढ्यात आई दारात दिसली. नंतर तिनं मला एवढंच सांगितलं, "तू मध्ये पडायचं नाहीस." मी नाही पडले. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात, दादाच्याच नावाच्या. शे-दीडशे माणसं होती. पहिल्या रांगेत विमानवेडे, मागे बाबांचे जुने विद्यार्थी, आणि दरवर्षी फुलं घेऊन येणारी त्या वस्तीतली माणसं. बाबा उभे राहिले. छान बोलत होते. वस्ती आली, तिथली मुलं आली, "माझ्या मुलाला निवड करायला काही सेकंद मिळाले," आणि बाबा थांबले.

आई उठली. तीन पायऱ्या चढून स्टेजवर गेली. लोकांना वाटलं तिला भरून आलं असेल, काहींनी टाळ्याही वाजवल्या. तिनं पर्समधून कागद काढला आणि बाबांच्या हातात दिला. "हे वाचा," ती म्हणाली. माईक समोरच होता, सगळ्यांना ऐकू आलं. "अक्षर मोठं आहे."

चाळीस वर्षांची सवय. हातात कागद आला की बाबा वाचायचे. "दहा वाजून बेचाळीस मिनिटं," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "वैमानिक: हँडल ओढलं. काच उडाली नाही." तिथे त्यांना कळलं. त्यांनी कागद खाली घेतला.

"पुढे," आई म्हणाली. "अजून दोनदा आहे."

"अगं, घरी जाऊन..."

"घरी बावीस वर्षं होती. वाचा."

बाबांनी सभागृहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, जागची हलले नाही. त्यांनी वाचलं. "परत ओढलं. सुटत नाही." आईनं कागद खालून धरला. "परत ओढतोय." त्यापुढे कागदावर टॉवरचंच बोलणं होतं, दादाच्या नंबरला दिलेल्या हाका. त्याही तिनं वाचायला लावल्या. एकशे चौदा, ऐकू येतंय का. एकशे चौदा. शेवटी बाबा पुटपुटले, "एकूण सतरा सेकंद."

"एकोणीस," पहिल्या रांगेतून डॉक्टर म्हणाले. "एकोणीस आहे ते."

गॅरेजवाले काका उठून बाहेर निघून गेले.

टाळ्या वाजल्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे आले. वस्तीतली एक बाई फुलांची पिशवी घेऊन माझ्यापाशी आली. तिच्या धाकट्याचं नाव दादाच्या नावावरून ठेवलेलं होतं. तिनं विचारलं, "म्हणजे ते आमच्यासाठी नव्हतं का हो, ताई?" मी म्हटलं, "नाही." तिनं फुलं खुर्चीवर ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलून घेऊन गेली.

त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तिला काय सांगणार होतो मी? तो आत अडकून मेला म्हणून? हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनीच सुचवलं, की वस्ती वाचवायला गेला असं सांगता येईल. वाटलं, निदान काही अर्थ तरी राहील."

"ती त्याला शिव्या देत होती, बाबा. तुमच्यासमोर. रोज."

"आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिलो. मग चौकाला नाव दिलं."

"आणि तुम्हाला माईक मिळाला," मी म्हटलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं, तेव्हा.

आई त्यांच्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, कपडे धुवायची, बोलायची नाही. महिनाभरानं बाबा माझ्यासमोर तिला म्हणाले, "एक शब्द तरी बोल. शिवी दे हवी तर."

तेव्हा ती बोलली. "बावीस वर्षं मी त्याला बोल लावले. तुमचा अजून एकच महिना झालाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यांना तू घेऊन जा."

मी घेऊन आले. माझ्या दोन खोल्यांच्या घरात बाबा खिडकीजवळच्या खाटेवर असतात. बोलावणी बंद झाली. मुलाखती घ्यायला येणारे आता डॉक्टरांकडे जातात. बाबांना दिवसभर काही काम नसतं. मी चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून परत आले की ते उठून बसतात.

आई एकटी राहते आणि मजेत आहे, असं म्हणावं लागेल. दर रविवारी ती दवाखान्यात जाते. तिची खुर्ची ठरलेली आहे. तिला आता सगळे नंबर येतात, आणि एकशे चौदा पहिल्यांदा उतरलं तेव्हा टायर कसा फुटला, हे ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावते. ती म्हातारी पोरं तिच्या लेकाचं विमान हवेत उडवत बसतात आणि ती पोट धरून हसते. बैठक संपली की मी तिला आणायला जाते.

परत आले की बाबा विचारतात, "काही विचारलं का तिनं? माझ्याबद्दल?"

"नाही," मी सांगते.

बहुतेक रविवारी ते खरंच असतं. पण गेल्या महिन्यात बसमध्ये चढता चढता तिनं मागे वळून विचारलं होतं, "जेवतात का गं ते नीट?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली, खिडकीजवळची जागा धरली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं. मी चपला काढत होते. माझ्याकडे दोन्ही उत्तरं होती.

"नाही," मी म्हटलं.