डावीकडचं झाड

चित्रकलेचे निवृत्त मास्तर विभागीय निसर्गचित्र स्पर्धेत सहा वेळा उतरले होते आणि सहाही वेळा हात हलवत परतले होते. दर वेळी दोष परीक्षकांचा निघे; मास्तर स्वतःची चौकशी करून स्वतःलाच निर्दोष सोडत. सातव्या खेपेला बायकोने अट घातली. बक्षीस मिळालं तर मागची खोली चित्रांची, नाहीतर तिथे तिचं शिलाई मशीन येणार. ते चार वर्षं जिन्याखाली धूळ खात होतं. मास्तर ऐटीत हो म्हणून बसले.

स्थानिक चित्रकारांचा हुरूप वाढावा म्हणून यंदा समितीने एकही चित्र न गाळता सगळी भिंतींवर टांगली. एकूण बासष्ट. मास्तर हात मागे बांधून बघत निघाले. पहिल्या चित्रात डोंगर, नदी आणि डावीकडे एक वाकडं झाड. छान. दुसऱ्यात तेच झाड. पाचव्यापाशी मास्तरांचे हात पुढे आले, नवव्यापासून ते बोटांवर मोजू लागले. औषधवाल्याचं, पोस्टमनचं, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं; नदी असो की माळ, झाड डावीकडेच. एकाने समुद्र काढला होता, तिथे ते पाण्यातून उगवलं होतं. त्रेचाळीस झाडं भरली. चव्वेचाळिसावं त्यांचं स्वतःचं, सोनेरी फ्रेममधलं. हे त्रेचाळीसही जण आपल्याच हाताखालून गेलेत, हे ध्यानात यायला मास्तरांना आणखी एक कप चहा लागला.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. त्या म्हणाल्या की चित्रं नेटकी आहेत, पण सकाळपासून सगळा परिसर पालथा घालूनही हे झाड काही त्यांना दिसलं नाही. कुणी दाखवेल का? सभागृहात खसखस पिकली. त्रेचाळीस माना मास्तरांकडे वळल्या आणि तितक्याच अदबीने सरळ झाल्या. नाव कुणीही घेतलं नाही. उलट पोस्टमनने उठून सांगितलं की ते मागच्या वादळात पडलं.

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. गप्प बसून त्यांनी आजवर बरंच निभावलं होतं. पण आपले विद्यार्थी आपल्यासाठी खोटं बोलताहेत, आणि तेही इतकं कच्चं, हे त्यांना सोसेना. ते उठले.

"ते झाड माझं. शाळेतल्या फळ्याचा डावीकडे टवका उडाला होता. तो झाकायला मी तिथे झाड काढायचो."

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"एकतीस. नवीन फळ्यासाठी अर्ज करायचा राहून गेला."

"आणि तुमच्या स्वतःच्या चित्रात?"

"कागदाला टवका नव्हता," मास्तर म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बक्षीस मात्र एका गवंड्याला गेलं. तो मास्तरांच्या वर्गात कधी बसलाच नव्हता.

घरी आल्यावर बायकोने तोंड उघडायच्या आत मास्तरांनी ईझल पॅसेजमध्ये काढलं आणि मशीन ओढत खोलीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पॅसेजच्या खिडकीतून बघतात तर समोर फक्त शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. दुसरं काही नव्हतंच, म्हणून त्यांनी तीच काढली. दुपारी बायको मशीनवरून उठून आली. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"अहो, ही तर शेजारच्यांची टाकी."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. मास्तरांच्या चित्रातली जागा तिला पहिल्यांदाच ओळखू आली होती. आता ती कौतुक करणार, म्हणून त्यांनी मान जराशी खालीही घातली.

"खालून गळतेय, तेसुद्धा बरोबर आलंय," ती म्हणाली, आणि महिनाभर सांगूनही न ऐकणाऱ्या शेजारणीला पुरावा म्हणून ते चित्र ओलं असतानाच घेऊन गेली.