साडेत्र्याऐंशी सेंटीमीटर

मी लासुर्ण्याच्या एका तरुण मंडळाच्या सभागृहातले टेबल टेनिसचे टेबल बोलतोय. पुढील हकिकतीतला बारामतीचा भाग मी पाहिलेला नाही. तो मी चोवीस ऑगस्टला, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, नागेश सरांच्या तोंडून ऐकला. उरलेले सारे माझ्या अंगावरच घडले.

सहा वर्षांपूर्वी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इथे आलो. मंडळाचे अध्यक्ष संभाजीतात्या यांनी नारळ वाढवला, तोही माझ्याच काठावर आपटून. तिथला टवका अजून दिसतो. त्यानंतर माझ्यावर खेळ कमी आणि कार्यक्रम जास्त झाले. सत्काराच्या शाली, रक्तदान शिबिरातले बिस्किटांचे पुडे, निवडणुकीच्या याद्या. गेल्या एप्रिलमध्ये एका लग्नात जेवणाची पातेली माझ्यावर मांडली. वाकून वाकून वाढप्यांच्या कंबरा धरल्या, म्हणून तात्यांनी माझ्या प्रत्येक पायाखाली एकेक वीट दिली. लग्न उरकले, विटा तशाच राहिल्या.

जूनमध्ये नागेश सर शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून रुजू झाले. विटा त्यांनी पाहिल्या. मी मुळातच बुटका असेन, असे त्यांनी धरले आणि विचारायचे राहून गेले. इकबाल टेलर यांची मुलगी जास्मिन रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिकू लागली. चौदा वर्षांखालील जिल्हा संघात जाण्याची तिची ही अखेरची संधी होती. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हते.

सर शिस्तीचे. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा, किमान सोळा सेंटीमीटर सरळ वर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. पहिला टप्पा आपल्या बाजूला, दुसरा पलीकडे. प्रत्येकाने दोन-दोन सर्व्हिस करायच्या, डाव अकरा गुणांचा. दहा-दहा झाले की सर्व्हिस एकेक, आणि जिंकायला दोन गुणांची आघाडी. मोकळा हात टेबलाला लागला की गुण गेला.

जास्मिनने हे सारे अंगी बाणवले. वडिलांच्या दुकानातली टेप आणून ती रोज जाळीची उंची मोजायची: सव्वापंधरा सेंटीमीटर, त्यात सूतभरही फरक नाही. ती टेप माझ्या पृष्ठभागापासून वर गेली. खाली, जमिनीकडे, एकदाही गेली नाही. दोन-अडीच महिने मी हे पाहत होतो आणि मला सांगता येत नव्हते.

बारामतीच्या निवड चाचणीत चेंडू तिच्या अंदाजापेक्षा खाली उसळत राहिला. बॅट वरून फिरे, चेंडू जाळीत जाई. चार-अकरा, सहा-अकरा, नऊ-अकरा. पहिल्याच फेरीत संपले.

दुसऱ्या दिवशी, त्या रविवारी, दोघे सभागृहात आले. सर सामना आठवून एकेक गुण सांगत होते. जास्मिन खाली बसली आणि टेप जमिनीला लावली.

"सर, उंची किती पायजे?"

"शहात्तर."

"हितं साडेत्र्याऐंशी हाय."

सर विटांपाशी उकिडवे बसले. "चूक माझी आहे, जास्मिन. पहिल्या दिवशी मोजायला हवं होतं."

तेवढ्यात तात्या आले. विटा काढणार हे ऐकून म्हणाले, "राहू द्या की. गुरुवारी बारसं हाय. सर, तुमच्या चेंडूचं वजन किती?"

"पावणेतीन ग्रॅमही नाही."

"आन आमच्या आमटीच्या पातेल्याचं? तेवढ्याशा चेंडूपायी आचाऱ्यानं वाकायचं व्हय?"

"तात्या, आचारी वाकला तर कंबर दुखंल," जास्मिन म्हणाली. "मला वाकून खेळायची सवयच लागली न्हाय, म्हणून मी घरी आले."

विटा निघाल्या. गुरुवारी पुन्हा आल्या.

आजही तेच चालू आहे. कार्यक्रम आला की मला चढवतात. उतरवायला मात्र कोणाला सवड नसते. माझी विनंती एवढीच आहे: मुलांना नियम शिकवण्याआधी, ज्यावर ती शिकणार आहेत ते एकदा जमिनीपासून मोजून घ्या.

उंची बरोबर असती तर जास्मिनची निवड झालीच असती, असे सर भेटेल त्याला सांगतात. या एका गोष्टीची खात्री मला कधीच करून घेता आली नाही.