ऑपरेशन होईपर्यंतचा पट्टा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना पट्टा आहे, कमरेला बांधायचा, हर्नियाचा. कापड विटलंय, पण पोटावर दाबून बसणारी माझी गादी अजून टणक आहे. नऊ वर्षं सदऱ्याच्या आत काढली, म्हणून तुमची-माझी ओळख नाही.

औषधांच्या दुकानात मी कोरा करकरीत पडून होतो. एके सकाळी एक सुतार पोट धरून आले, सोबत बायको. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दोघं दवाखान्यातून थेट आली होती. डॉक्टर म्हणाले होते, "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय. छोटं ऑपरेशन आहे, तिसऱ्या दिवशी घरी." पण खालच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "विमा आहे?" रोजंदारीच्या माणसाचा कसला आलाय विमा! "मग आधी सगळे पैसे भरा, तारीख नंतर."

"लोकांची दारं बसवतो, आणि माझीच चौकट निखळली बघा," मिस्त्री दुकानदाराला हसत म्हणाले. "ऑपरेशन होईपर्यंत काहीतरी द्या."

ते काहीतरी म्हणजे मी.

आणि काय सांगू, मी जीव तोडून काम केलं! मिस्त्री पुन्हा दारं उचलू लागले. "पट्टा म्हणजे पट्टा आहे हो!" असं ते ज्याला त्याला सांगत. मी फुशारून जायचो. मिस्त्रीणबाई मला दर रविवारी कोमट पाण्यात धूत, सावलीत वाळवत. इलास्टिक सैल पडलं की नवं शिवत. चौथ्या वर्षी पैसे जमले, तर खिडकीवरचे दरच वाढलेले. ते पैसे मग मुलीच्या फीला गेले. "जाऊ दे, पट्टा आहे ना," मिस्त्री म्हणाले. पुढे ऑपरेशनचं नावच घरात निघेनासं झालं. आणि मला, मेल्याला, त्याचा आनंद व्हायचा.

मग एका दुपारी घरच्या अंगणात दार उचलताना मिस्त्री कळवळून खाली बसले. माझ्या गादीखाली, त्या भोकातून बाहेर आलेलं आतडं अडकलं होतं, दगडासारखं घट्ट. "अगं, आवळ जरा," ते म्हणाले. बाईंनी गुडघा टेकवून मला होता नव्हता तेवढा आवळला. सोडा, मला सोडा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण पट्ट्याला तोंड कुठलं?

संध्याकाळी दवाखान्यात नर्सने मला कात्रीने कापून काढलं.

"इतकी वर्षं केलंत काय?" डॉक्टर चिडून म्हणाले.

"पट्टा लावत होते, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "एक दिवस चुकवला नाही."

मिस्त्री वाचले. पण हातभर आतडं गेलं, आणि ते छोटं ऑपरेशन दहा वेळा झालं असतं इतका खर्च आला. करवती, रंधे, सगळी हत्यारं विकली गेली. आता त्यांना साधं स्टूलही उचलायला मनाई आहे. दिवसभर ते दारात बसून लोकांच्या दारांचे आवाज ऐकतात. बिजागरी करकरली की हात आपोआप हलतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी सगळ्यांनी घेतली, तीच तर चूक झाली. तुमच्या घरात कुणी सदऱ्याआड माझ्यासारखा पट्टा बांधत असेल, तर विचारा, "ऑपरेशन कधी?" "पट्टा आहे ना," असं उत्तर आलं, तर गप्प बसू नका.

परवा बाईंनी मला पिशवीतून काढलं. वाटलं, आता तरी फेकतील. त्यांनी सुई-दोरा घेतला आणि कात्रीचा काप नीट शिवून टाकला. म्हणाल्या, "नऊ वर्षं सांभाळलंय याने माझ्या माणसाला."