खरवडलेली देवी

रंगरावांना कोणी विचारलंसुद्धा नाही. सकाळी बुलढाण्याच्या कचेरीत येऊन बघतात तर संग्रहालयाच्या एकुलत्या एका खोलीत खताची पोती आढ्याला भिडलेली, आणि सगळ्या मूर्ती मागच्या अंगणात, नळाशेजारी. देवीच्या खांद्यावर कोणीतरी बिडी विझवली होती.

"साहेब, मी अभिरक्षक आहे इथला."

साहेबांनी चहा बशीत ओतला. "मग करा की रक्षण! दगडच आहेत. पावसानं खत विरघळतं, दगड नाही."

शिपाई पंजाबराव फिदीफिदी हसला.

महाराष्ट्र होऊन तीनच वर्षं झाली होती. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यानं 'आपला थोर ठेवा' म्हणत फीत कापली आणि आत पाऊलही न टाकता जेवायला गेला. असल्यांना ठेवा लागतो तो भाषणापुरता. रंगरावांना मात्र ते भाषण खरं वाटलं, तिथंच त्यांचं चुकलं.

ही देवी त्यांनी धामणगाव बढ्याहून आणली होती. ओट्यावर शेंदराचा नुसता गोळा होता. डोळे तेवढे चांदीचे. आत कोरीव काम आहे हे त्यांनी हात फिरवून ओळखलं. गाव तयार नव्हतं. जनकाबाई तर मुळीच नाही. नवरा गेल्यापासून रोज सकाळी देवीला पाणी घालणारी ती. तिला त्यांनी शब्द दिला होता, "मावशी, तुमच्याहून जास्त जपीन मी हिले." त्या शब्दावर गावानं देवी बैलगाडीत चढवली. पुढं चार महिने त्यांनी बांबूच्या काडीनं शेंदूर खरवडला. आतून महिषासुराच्या पाठीवर पाय रोवलेली आठ हातांची बाई निघाली. तिच्या पैंजणाचे घुंगरू पाहून रंगराव रडले होते.

आणि आज दुपारी नेमकी जनकाबाई एस.टी.नं आली. हातात नारळ.

रंगराव मूर्तीच्या आड उभे राहिले.

"सरका ना भाऊ. पाहू द्या."

सरकले. म्हातारीनं नळ पाहिला, चिखल पाहिला, खांद्यावरचा काळा डाग पाहिला.

"असं जपता काय?"

"मावशी, हिले घरी घेऊन जा. साहेबाले मी पाहून घेतो. नोकरी गेली तं गेली."

"कुठी ठेवू?"

"ओट्यावर. अजून कुठी?"

"ओट्यावर दुसरी बसवली चैतात. नदीतून गोटा आणला, शेंदूर लावला, डोळे बसवले. ओटा रिकामा ठेवते काय कोणी?"

"पण तो नुसता गोटा हाय, मावशी! ही शेकडो वर्षांची हाय."

"असंन. पण तुमी तिले उघडी केली."

रंगरावांच्या तोंडून निघून गेलं, "मीच लावतो पुन्हा शेंदूर. आजच लावतो."

चार महिन्यांची मेहनत, ते घुंगरू, सगळं पुन्हा गाडून टाकायला माणूस तयार झाला होता. जनकाबाईनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आता सगळ्या गावाले मालूम हाय आत कोन हाय ते. बाईचं अंग दिसलं का मंग हात जुळत नाही, भाऊ. लावा का नका लावू."

नारळ पदराखाली घेऊन ती स्टँडकडे निघाली. गावच्या गोट्यापुढं फोडणार होती.

रंगराव नळाच्या कठड्यावर बसले. गावाची देवी होती, ती त्यांनी काढून घेतली. सरकारची वस्तू होईल म्हणाले, ती झाली नाही. आता ती कोणाचीच नव्हती, आणि हे काम दुसऱ्या कोणाचं नव्हे, त्यांचंच.

पंजाबराव बादली घेऊन आला. "रंगरावभाऊ, पाठ सपाट हाय हिची. पालथी टाकतो, धुणं धुवायले बरी पडते."

"थांब," रंगराव म्हणाले.

त्यांनी खताचं एक रिकामं पोतं आणलं, चौघडी करून चिखलात बरोबर तिच्या नाकाखाली येईल असं अंथरलं, आणि दुसऱ्या बाजूनं स्वतः हात लावला.

"हळू बे," ते म्हणाले. "हळू टाक."